गावचं तळं ‘पाणथळ’ म्हणून अधिसूचित करून घ्यायचं तर: पात्रता, कागदपत्रं आणि क्रम

दर वर्षी कुणीतरी काठावर राडारोड्याच्या चार ट्रॉल्या रिकाम्या करतो, काठ थोडा आत सरकतो आणि काही वर्षांनी तिथे ‘प्लॉट विकणे आहे’ची पाटी उभी राहते. लोकांनी मिळून तळं वाचवायचं ठरवलं, तर हाताशी असलेला भक्कम आधार म्हणजे केंद्राचे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७. मात्र हे नियम रामसर यादीतल्या (पाणथळ जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या) आणि सरकारने अधिसूचित केलेल्या जागांनाच लागू होतात. म्हणून खटपट करायची ती अधिसूचनेसाठी.

आधी आपलं तळं व्याख्येत बसतं का ते बघा. व्याख्या तशी ऐसपैस आहे: नैसर्गिक किंवा कृत्रिम, बारमाही किंवा हंगामी, गोडं किंवा खारं. चार महिने पाणी धरून मग कोरडी पडणारी जागाही त्यात येते. वगळलं आहे ते असं: नदीचं पात्र, भातखाचरं आणि पिण्याचं पाणी, सिंचन, मत्स्यशेती, मीठ किंवा करमणूक यांसाठी मुद्दाम बांधलेली तळी. वनकायदे, वन्यजीव कायदा आणि सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) यांखालच्या जागांनाही हे नियम नाहीत, त्यांना त्यांचे कायदे आहेत.

सिंचनाची अट विदर्भातल्या मामा तलावांना, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातल्या, सिंचनासाठीच्या) तलावांना, आडवी येऊ शकते. पण म्हणून तिथलं काम अडलेलं नाही. भंडारा-गोंदियाकडे ढीवर समाजाच्या मच्छीमारांनी तलावातली बेशरम (झपाट्याने पसरणारं तण) मुळासकट उपटली, उन्हाळ्यात उघडी पडलेली जमीन नांगरली आणि देशी पाणवनस्पती लावल्या. माशांना अंडी घालायला जागा मिळाली, पक्षी परतले. तुमचं तळं या प्रकारात मोडत असेल, तर जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थापन झालेल्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जा आणि लोक जैवविविधता नोंदवहीत तळ्याची नोंद करून घ्या. कागदावर काहीतरी असलेलं बरं.

ही वैयक्तिक लाभाची योजना नाही, त्यामुळे वय, उत्पन्न, जात असल्या अटींचा प्रश्नच नाही. नागरिकांसाठी ठरावीक छापील अर्जही नियमांत दिलेला नाही. प्रस्ताव ग्रामसभेच्या किंवा नगरपालिकेच्या ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य पाणथळ प्राधिकरणाकडे पाठवावा.

ठरावाचा मसुदा मात्र जपून लिहा. सवयीने लिहिलं जातं, ‘तळ्याचे सुशोभीकरण करण्यास मंजुरी’. सुशोभीकरण म्हटलं की पाठोपाठ काँक्रीटचा कठडा, फरशीचा पदपथ आणि कारंजं आलंच. अधिसूचित जागेच्या पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत, होडीचा धक्का सोडला तर, पक्क्या बांधकामाला बंदी आहे. म्हणजे ज्यासाठी ठराव केला तेच नियमात बसत नाही. ‘संवर्धन व पुनरुज्जीवन’ लिहा आणि सगळे गट क्रमांक नमूद करा.

ठरावासोबत त्या गटांचे सातबारा, गाव नकाशा आणि भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा जोडा. सातबाऱ्यावर मालक कोण आहे (सरकार, ग्रामपंचायत, जलसंपदा की खासगी) हे आधीच कळलेलं बरं. खासगी गट असेल तर त्या घरी आधी चहाला जा, ठराव मग.

हद्दीचं काम सगळ्यात किचकट. ५० मीटर मोजायचे ते नियम लागू झाले त्याआधीच्या दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून. जुनी उपग्रहचित्रं बघाच, पण काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन एक फेरीही मारा. पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागायचं हे त्यांना पाठ असतं. ती जागा नकाशावर खूण करून फोटोसह जोडा.

प्रस्तावाच्या संक्षिप्त दस्तऐवजात तळ्याच्या हद्दीबरोबर पाणी जिथून येतं ते प्रभावक्षेत्र, तिथला जमीनवापर, वनस्पती-मासे-पक्षी आणि लोकांचे पूर्वापार हक्क लागतात. हक्कांची यादी आळसाने करू नका. गुरं पाण्यावर कोण नेतं, मासेमारी कोणाची, शिंगाडा कोण लावतं, गणपती कुठे विसर्जन होतात, सगळं लिहा. कोणत्या कामांना परवानगी, कशावर नियंत्रण आणि कशाला बंदी हे याच दस्तऐवजातून ठरतं. ज्याचं नाव सुटलं तो उद्या हरकत घेणार, आणि त्याची बाजू खरी असणार.

पुढचा प्रवास सरकारी. प्राधिकरणाने शिफारस केली की मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात आणि शिफारशीपासून २४० दिवसांच्या आत अंतिम अधिसूचना काढणं अपेक्षित आहे. त्यानंतर भराव, अतिक्रमण, कचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं आणि शिकार यांवर बंदी येते.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. इस्रोच्या नकाशासंग्रहातल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण द्यायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच दिला आहे. त्यात आपलं तळं असेल तर तो नकाशा प्रस्तावाला जोडा. देखरेखीसाठी गावातल्यांनी ‘पाणथळ मित्र’ व्हावं. कोणी भराव टाकताना दिसलं तर तारीख-वेळेसह फोटो काढून तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या. दाद लागली नाही तर प्राधिकरणाची तक्रार समिती आहे, आणि तिच्यापुढे जाताना आवक शिक्का मारलेली पोच हातात हवी.