अवकाश आणि वर्गांतर (समकालीन भारतीय कादंबरीतील)

कादंबरीतले पात्र खालच्या स्तरातून वरच्या स्तरात जाताना कोणत्या खोल्या, मजले आणि उंबरे ओलांडते, यावरून त्याचे वर्गांतर वाचण्याची समीक्षेतील रीत. ‘अवकाश’ म्हणजे येथे माणसाची राहण्या-वावरण्याची जागा आणि तिथे वावरण्याचा त्याचा हक्क. जागा आपोआप असत नाही, समाजच ती घडवतो, ही मांडणी फ्रेंच विचारवंत आंरी लफेव्र यांनी १९७४ मध्ये ग्रंथरूपात केली.

अरविंद अडिगा यांची बुकर पारितोषिकप्राप्त इंग्रजी कादंबरी ‘द व्हाइट टायगर’ (२००८) या वाचनासाठी फार समृद्ध आहे. रिक्षा ओढणाऱ्याचा मुलगा बलराम हलवाई बिहारमधील गया जिल्ह्यातल्या लक्ष्मणगढहून धनबाद, गुडगाव आणि शेवटी बंगळूरला पोहोचतो. नकाशावरचा हा प्रवास लांबचा असला, तरी खरी चढण हातभर अंतरात आहे. धनबादला दोन ड्रायव्हरांना मिळून एकच खोली. खाट जुन्या ड्रायव्हरची, जमीन बलरामची. तो जुना ड्रायव्हर, रामप्रसाद, मुसलमान असून हिंदू नावाने नोकरी करतो आहे, हे बलरामच्या लक्षात येते. रामप्रसादला जावे लागते. खाट बलरामला मिळते आणि मालकाची होंडा सिटीही त्याच्या हाती येते.

गुडगावमध्ये मालक वरच्या फ्लॅटमध्ये आणि नोकर तळघरात. इतर नोकरांकडून होणारी चेष्टा टाळण्यासाठी बलराम झुरळांनी भरलेली खोली पत्करतो आणि मच्छरदाणीत एकटा बसतो. स्वतःची म्हणता येईल अशी ती त्याची पहिली जागा. कादंबरीतली सर्वांत हलवणारी जागाही तीच. मोटारीत मालक आणि नोकर एकाच हवेत श्वास घेतात, पण एकमेकांना आरशातूनच पाहतात. मॉलमध्ये शिरण्यासाठी बलराम आधी साधा टी-शर्ट आणि बूट विकत घेतो. पुढे तो मालकाचा खून करून पैसे पळवतो आणि बंगळूरला कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांसाठी टॅक्सीचा धंदा उभारतो. आता त्याच्या डोक्यावर झुंबर असते. या चढणीची किंमत गावाकडच्या कुटुंबाला मोजावी लागली असणार, हेही त्याला ठाऊक आहे.

नाशिकच्या वाचकाला ही भाषा परकी वाटत नाही. पंचवटीतला वाडा, अंबडच्या कारखान्यात जाणाऱ्या कामगाराचे सिडकोतले घर, पुढे गंगापूर रोडचा फ्लॅट, या क्रमात इथल्या कितीतरी घरांची कहाणी सांगता येते. नवख्या माणसाला विचारलेल्या ‘कुठं राहता?’ या प्रश्नात पत्त्यापेक्षा जास्त काहीतरी विचारलेले असते. मात्र केवळ वर्गाच्या मापाने हा अवकाश मोजला तर वाचन अपुरे राहते. नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह एका दारासाठी होता, आणि ते दार पैशाने उघडणारे नव्हते. कादंबरीतही नोकरीवर घेताना बलरामला जात विचारली जाते.

सत्याग्रहाच्याच वर्षी, १९३० मध्ये, नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेले कथाकार बाबूराव बागुल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथा या कादंबरीशेजारी ठेवून वाचावी. रेल्वेतल्या नोकरीसाठी परगावी गेलेला नायक जात लपवून राहतो आणि उघडकीस आल्यावर मार खातो. रामप्रसादची आणि त्याची अडचण एकच: पोटासाठी नोकरी हवी, पण खऱ्या ओळखीला तिथे थारा नाही. अडिगांनी हा प्रसंग खाट मिळवणाऱ्याच्या तोंडून सांगितला आहे. बागुलांच्या कथेत बोलतो तो मार खाल्लेला माणूस.