क्लबचा ऑप्शन वेगळा, आपोआप वाढणारं वर्ष वेगळं

दर रविवारी बालेवाडीत टर्फवर फुटबॉल खेळून झालं की टपरीवर चहा घेता घेता तोच वाद, अमक्या प्लेअरला क्लबने 1+1 कॉन्ट्रॅक्ट दिलं, म्हणजे एक वर्ष पक्कं आणि पुढचं एक वाढू शकणारं, म्हणजे दोन वर्षं दिलीच की. नाही दिली. तिशी ओलांडलेल्या प्लेअरचं ते पुढचं +1 कोणाच्या हातात आहे हे आधी बघायचं असतं, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही.

साधं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट तुम्हाला माहितीये. इजिप्तच्या सालाहने एप्रिल 2025 मध्ये लिव्हरपूल क्लबशी 2027 पर्यंतचं केलं, तसं. पुढे.

क्लबचा ऑप्शन म्हणजे वर्ष वाढवायचं की नाही हे फक्त क्लब ठरवणार, प्लेअरची सही आधीच घेऊन ठेवलेली. "ऑप्शन" ऐकलं की लोकांना वाटतं प्लेअरला चॉइस आहे, हे ऐकून माझं डोकं फिरतं. कोरियाचा सोन ह्युंग-मिन घ्या, 32 वर्षांचा होता, जानेवारी 2025 मध्ये त्याच्या टॉटनम क्लबने ऑप्शन वापरून त्याला 2026 पर्यंत बांधला, नाहीतर तो त्याच उन्हाळ्यात फुकटात निघून गेला असता, आणि ऑगस्टमध्ये तो लॉस एंजेलिसच्या क्लबला गेला तेव्हा टॉटनमला त्याच्या बदल्यात फी मिळाली. म्हणजे खेळला तर क्लबचा फायदा, गुडघा गेला तर क्लब मोकळा, दोन्ही बाजूंनी रिस्क प्लेअरची. आपल्याकडे अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करून पुढचे अकरा महिने फक्त घरमालकाच्या मर्जीवर ठेवले आणि भाडेकरूला मात्र आधीच बांधून घेतलं, तर कोथरूडमध्ये कोणी सही करेल का?

आपोआप वाढणाऱ्या वर्षात मर्जी कोणाचीच नाही, ठरलेल्या मॅचेस झाल्या की वर्ष वाढलं, कोणी कोणाला विचारायचं नाही. हे जास्त न्यायाचं, पण मॅचेस कशा मोजणार यात सगळी मेख आहे. 2022 मध्ये फ्रान्सचा ग्रीझमन बार्सिलोना क्लबकडून लोनवर, म्हणजे उसना, अ‍ॅटलेटिको क्लबात होता, तिथला क्लॉज कॉन्ट्रॅक्ट वाढवायचा नव्हता, ठराविक मॅचेसमध्ये 45 मिनिटं खेळला की अ‍ॅटलेटिकोने तो कायमचा विकत घ्यायचा असा होता, पण गंमत तीच. सीझनच्या सुरुवातीला तो साठाव्या मिनिटाच्या आसपासच मैदानात यायचा, म्हणजे 45 मिनिटं भरायचीच नाहीत, 31 वर्षांचा धडधाकट माणूस, आणि ऑक्टोबरमध्ये क्लबांनी नवा भाव ठरवल्यावर हा प्रकार थांबला.

म्हणून माझं ठाम मत, वय झालेल्या स्टारला एक वर्ष पक्कं आणि दुसरं आपोआप वाढणारं द्या, पण "25 मॅचेस" असा आकडा टाकू नका. तो फिट होता अशा मॅचेसपैकी निम्म्यांत खेळला का ते मोजा, दुखापतीतल्या मॅचेस हिशोबातच धरू नका, आणि सबस्टिट्यूट म्हणून आला तरी मॅच धरा, म्हणजे घड्याळ बघून उतरवायचा खेळच बंद. पगाराचं फार अवघड नाही, दुसऱ्या वर्षी बेस थोडा कमी करा आणि कमी केलेले पैसे मॅचमागे वाटून द्या, मान राखला जातो आणि क्लबचंही बजेट मोडत नाही.

आणि मोजणी डिसेंबरअखेर संपवा. जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपत असेल तर शेवटच्या सहा महिन्यांत, म्हणजे जानेवारीपासून, प्लेअर दुसऱ्या देशातल्या क्लबशी बोलू शकतो, आणि आपलं पुढचं वर्ष आहे की नाही हे त्याला त्याआधी कळलंच पाहिजे.