एक्स-रे मशीनचा परवाना: अर्ज नेमका कुठे अडतो

मशीन आलं, बसलं, पेढे वाटून झाले आणि ई-लोरावरचा, म्हणजे परवान्याच्या सरकारी पोर्टलवरचा, अर्ज शेरा मारून परत आला. तालुक्याच्या गावातून असा फोन आला की मी आधी एकच विचारतो, "डॉक्टर, पोर्टलवरच्या खात्याला ईमेल कुणाचा दिलाय?" दहात निम्म्या वेळा उत्तर येतं, "मशीन विकणाऱ्या माणसाचा. तोच सगळं बघतो म्हणाला होता."

एक्स-रे, सी-आर्म, सीटी, मॅमोग्राफी, यातलं काहीही चालवायचं तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा परवाना लागतो. १९८३ साली स्थापन झालेलं हे मंडळ मुंबईत अणुशक्तीनगरला आहे, पण फाईल घेऊन तिकडे जायचं कारण नाही. कामकाज ई-लोरा या पोर्टलवर चालतं. सोनोग्राफीची पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालची नोंदणी वेगळी आणि हा परवाना वेगळा. एक हातात आहे म्हणून दुसऱ्यातून सुटका नाही.

क्रम साधा आहे. संस्थेची नोंदणी, मग कर्मचाऱ्यांची, मग आरएसओची म्हणजे विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याची नेमणूक, मग यंत्र, त्याची क्यूए म्हणजे गुणवत्ता चाचणी आणि शेवटी परवान्याचा अर्ज. आरएसओ मालक नेमतो, मान्यता मंडळ देतं. पात्रता बसत असेल तर छोट्या दवाखान्यात डॉक्टर स्वतःच आरएसओ होऊ शकतात, बाहेरून माणूस आणायला नको.

आता अडतं कुठे ते.

पहिलं, पोर्टलवरचं खातं. ईमेल आणि मोबाईल स्वतःचाच द्या. मंडळाने विचारलेली शंका त्या ईमेलवर जाते, आणि विक्रेत्याने तोवर नोकरी बदललेली असते. एका डॉक्टरांना आपल्या अर्जाला त्रुटी लागली आहे हे चार महिन्यांनी कळलं. नावाचंही तेच. पॅनवर 'श्री साई हॉस्पिटल', पाटीवर 'साई अॅक्सिडेंट हॉस्पिटल' आणि बिलावर नुसतं डॉक्टरांचं नाव, असं असेल तर आधी ते एकसारखं करा. पोर्टल तुमच्या गावातली ओळख जाणत नाही.

दुसरं, स्वस्तात मिळालेलं जुनं मशीन. "दोन लाखांत सोडतायत" हे ऐकून उडी मारू नका. परवानाधारकाला मंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय यंत्र विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. कागद नसलेलं मशीन घेतलंत तर पैसे विकणाऱ्याला गेले, डोकेदुखी तुमची राहिली.

तिसरं, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात: तारखा. परवाना पाच वर्षांचा असतो. क्यूए चाचणी दर दोन वर्षांनी करायची असते, तीही मंडळाने मान्यता दिलेल्या एजन्सीकडून. लोक परवाना फ्रेम करून भिंतीवर लावतात, त्यावरची पाच वर्षांपुढची तारीख बघतात आणि निर्धास्त होतात. नूतनीकरणाला बसतात तेव्हा मधल्या क्यूए अहवालांची मागणी येते, आणि मागच्या तारखेची चाचणी काही आज करता येत नाही. ट्यूब बदलली किंवा मोठी दुरुस्ती झाली तर दोन वर्षं व्हायची वाट न बघता पुन्हा चाचणी करायची, हेही लक्षात ठेवा.

चौथं, टीएलडी बॅज. छातीवर लावायची ती छोटी प्लास्टिकची डबी. आत धातूच्या पट्टीवर तीन पांढऱ्या चकत्या असतात, कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम आणि टेफ्लॉन मिसळून केलेल्या. किरण पडले की त्यांची ऊर्जा चकतीत साठून राहते. प्रयोगशाळेत चकती तापवली की ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते आणि त्या प्रकाशावरून डोस, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते, ठरतो. बॅजवर बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून त्याची किंमत कुणाला वाटत नाही.

बॅज तिमाहीने बदलून येतो. वापरलेला बॅज वेळेवर परत पाठवला नाही तर त्या तिमाहीची नोंद लंगडी राहते. शिशाचा एप्रन घालत असाल तर बॅज एप्रनच्या आत, छातीपाशी. सोबत तुलनेसाठी एक कंट्रोल बॅज येतो, तो कुणी लावायचा नाही. एक्स-रेच्या खोलीपासून लांब ठेवायचा. एका दवाखान्यात तो आणि बाकीचे सगळे बॅज एक्स-रे रूममध्येच दाराआड खिळ्याला टांगलेले मी पाहिले आहेत. "हरवू नयेत म्हणून." मग आकडा वर जातो. तिमाहीत १० मिलिसिव्हर्ट (हे डोस मोजायचं एकक) ओलांडले की चौकशी लागते, आणि डोस माणसाला मिळाला की खिळ्याला, हे लेखी समजावताना मालकाला घाम फुटतो.

मर्यादाही सांगून ठेवतो: कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांसाठी वर्षाला १. भिंतीची जाडी, दाराला शिशाचा पत्रा ही कटकट त्या एका आकड्यासाठी असते. तंत्रज्ञ गरोदर असेल तर तिने लगेच कळवावं. त्यानंतरच्या काळात गर्भासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्टच आहे. नोकरी जाईल या भीतीने मुली सांगत नाहीत, मालकांनी ती भीती आपणहून घालवावी.

शेवटचं तंत्रज्ञांसाठी. बॅजचा वैयक्तिक क्रमांक आयुष्यभर एकच असतो. नवीन ठिकाणी रुजू झालात की तोच जुना क्रमांक द्या. "आठवत नाही, नवीन काढा" म्हणालात तर तुमचा डोस दोन तुकड्यांत विभागला जातो आणि बेरीज कुणाकडेच राहत नाही. नोकरी सोडताना डोसच्या नोंदींची प्रत मागून घ्या. मालक "बघू, पाठवतो" म्हणाला तरी हलू नका, झेरॉक्स तिथेच काढून घ्या.