विवेकख्याती आणि अंशाधारित मानसोपचार

पातंजल योगदर्शनात द्रष्टा (पाहणारी शुद्ध जाणीव) आणि दृश्य (तिला दिसणारे मन व जग) यांच्यातील भेदाच्या अखंड जाणिवेला विवेकख्याती म्हणतात. योगसूत्रांनी या दोहोंचा संयोग हे दुःखाचे कारण (२.१७) आणि अविचल विवेकख्याती हा त्यावरील उपाय (२.२६) सांगितला आहे. चित्तात उठणाऱ्या वृत्तीलाच ‘मी’ समजण्याची सवय सुटावी, हा या साधनेचा गाभा होय.

अमेरिकन कुटुंबोपचारतज्ज्ञ रिचर्ड श्वार्ट्झ यांनी १९८० च्या दशकात घडवलेल्या ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ पद्धतीत मन हे अनेक अंशांचे कुटुंब मानले जाते. काही अंश सतत सावध राहून कारभार पाहतात, काही वेदना उसळताच ती मिळेल त्या मार्गाने शमवू पाहतात, तर काही जुने घाव घेऊन आत कोंडलेले असतात. या सर्वांहून निराळा, शांत आणि करुणामय असा ‘स्व’ प्रत्येकात असतो, असे ही पद्धत मानते. नाशिकच्या सातपूर औद्योगिक भागातल्या कारखान्यातून पाळी संपवून घरी आलेला माणूस मुलावर खेकसतो, तेव्हा ‘मी रागीट आहे’ याऐवजी ‘माझ्यातला एक अंश चिडला आहे’ असे त्याला म्हणता येणे ही उपचाराची पहिली पायरी असते, आणि येथे विवेकाशी तिचे नाते स्पष्ट दिसते.

नाशिक परिसरातील वारकऱ्यांना ही दृष्टी परकी वाटू नये. पौष वद्य एकादशीला ते ज्यांच्या समाधीच्या दर्शनासाठी त्र्यंबकेश्वरी जमतात, त्या निवृत्तिनाथांचे शिष्य ज्ञानेश्वर यांनी विशद केलेल्या गीतेच्या तेराव्या अध्यायात इच्छा, द्वेष, सुख आणि दुःख यांची गणना क्षेत्रात, म्हणजे जाणल्या जाणाऱ्या शरीर-मनात, केली आहे; ते जाणणाऱ्या क्षेत्रज्ञात नव्हे.

मात्र हे साम्य ताणू नये. सांख्य-योगाच्या मते पुरुष, म्हणजे वर सांगितलेला द्रष्टा, निर्गुण साक्षी आहे. त्यामुळे करुणा, कुतूहल, धैर्य अशा गुणांनी युक्त असलेला श्वार्ट्झ यांचा ‘स्व’ पुरुषापेक्षा सत्त्वप्रधान, म्हणजे निर्मळ झालेल्या, बुद्धीच्या जवळचा ठरतो. दिशाही भिन्न आहे: योगातील विवेक कैवल्याकडे, म्हणजे द्रष्ट्याच्या दृश्यापासूनच्या पूर्ण मुक्ततेकडे, नेतो, तर उपचारात अंश वेगळा ओळखायचा तो त्याचे म्हणणे ऐकून, त्याच्यावरचे ओझे उतरवून त्याला पुन्हा घरात सामावून घेण्यासाठी. योगसूत्रांतील मैत्री-करुणादी भावना (१.३३) या कामाला अधिक जवळच्या आहेत, जरी तेथे त्यांचा रोख इतरांच्या सुखदुःखाकडे असला तरी. तीव्र आघात सोसलेल्या रुग्णाला ‘तू केवळ साक्षी आहेस’ असे घाईने सांगितल्यास कोंडलेला अंश आणखी खोल दडण्याची भीती असते. म्हणून अशा वेळी प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाची सोबत आवश्यक असते.