मुठेल

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांतून निघणारे घट्ट तेल. गोव्याकडे त्याला भिरंडेल म्हणतात, कारण तिथे कोकमाला भिरंड हे नाव आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात झाडावरचे फळ रातांबा, वाळवलेली साल आमसूल किंवा सोल आणि मिठात उतरवलेला रस आगळ. हे सगळे काढून झाल्यावर उरलेल्या बियांतून मुठेल मिळते. ते खाता येते, पण घरोघरी त्याची ओळख भेगांवरचे औषध अशीच जास्त आहे. बाजारात ते मुठीत दाबून वळलेल्या, बोटांचे ठसे उमटलेल्या पांढुरक्या गोळ्यांच्या रूपात येते.

मुठेलात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण निम्म्याहून अधिक आणि त्याखालोखाल ओलेइक आम्ल असते. त्यामुळे ते साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सिअसला वितळते. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच पातळ होते. मे महिन्यात फडताळातले खोबरेल पाण्यासारखे झालेले असते आणि शेजारचा मुठेलाचा गोळा मात्र नखाने खरवडावा लागतो, तो यामुळेच. बोटावर घासले की कडेने हळूहळू विरघळते. तसे न होता बोटावर नुसताच मेणचट थर राहिला, तर त्यात मेणाची भेसळ असावी.

घरी काढण्याची रीत. रातांब्यांचा हंगाम एप्रिल-मेचा, म्हणजे बिया वाळवायला पावसाआधीचे थोडेच दिवस हाती असतात. आगळातून निघालेल्या बिया दोन-तीन पाण्यांनी धुवाव्यात. मीठ राहिले तर ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि बिया पुन्हा दमट होतात. चार-पाच कडक उन्हे दिली की बी हलवल्यावर आत खुळखुळते. मग ती ठेचून, टरफल सुपात पाखडून गर वेगळा करतात. अर्धवट वाळलेल्या बियांचे तेल निघते, पण महिन्याभरात खवट होते. बहुतेक घरगुती मुठेल बिघडते ते याच टप्प्यावर. कढवण्यात चूक क्वचितच होते.

गर उखळात कुटून, पाट्यावर वाटून त्याचा लगदा करावा. एक वाटी लगद्याला चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर तासभर उकळावे आणि मधूनमधून ढवळावे. तेल वर येते. टोप झाकून रात्रभर ठेवला की सकाळी वर पांढरट थर धरलेला असतो. तो उचलून पुन्हा वितळवावा आणि तडतड पूर्ण थांबेपर्यंत तापवावा. तडतडणे म्हणजे आत पाणी शिल्लक आहे. मलमलीतून गाळून कोमट झाले की मुठीत वळावे. वाळलेल्या बीच्या वजनाच्या जवळपास पाव भाग तेल असते. हाताने काढताना त्याहून बरेच कमी हाती लागते.

मलम. नुसता गोळा टाचेवर घासला तर खरखरतो, म्हणून त्यात पातळ तेल मिसळतात. भेगांसाठी २० ग्रॅम मुठेल, ३० ग्रॅम खोबरेल (आवेल, म्हणजे ओल्या नारळाच्या दुधातून कढवून काढलेले तेल, असल्यास उत्तम) आणि ५ ग्रॅम मधमाशांचे मेण घ्यावे. ओठांसाठी १० ग्रॅम मुठेल, १५ ग्रॅम खोबरेल, ५ ग्रॅम मेण पुरते. गरम पाण्याच्या टोपात कोरडी वाटी ठेवून त्यात आधी मेण आणि थोडे खोबरेल वितळवावे, कारण मेणाला ६२ अंशांच्या वर उष्णता लागते. मग उरलेले खोबरेल आणि शेवटी मुठेल घालावे. थेट आचेवर ठेवू नये.

ओतल्यावर डबी तशीच ओट्यावर सावकाश गार होऊ दिली तर मलमात रव्यासारखे कण धरतात. घट्ट भाग पातळ तेलातून वेगळा होऊन गोठतो, म्हणून असे होते. मलम वाया गेलेले नसते. पुन्हा पूर्ण वितळवून डबी थंड पाण्यात किंवा फ्रीजमध्ये लवकर गार करावी. हळद, कोरफडीचा गर, गुलाबपाणी असले काही यात घालू नये. पाण्याचा अंश आत गेला की बुरशी धरते आणि पावसाळ्यात तर ती आठवड्यात दिसते. लिंबाचा रस तर नकोच. लिंबू लावून उन्हात गेले की त्वचा भाजल्यासारखी लाल होते आणि पुढे काळे डाग राहतात.

लावणे. मुठेल त्वचेला पाणी देत नाही, असलेले पाणी अडवते. म्हणून टाचा १० मिनिटे कोमट पाण्यात ठेवून, टिपून, किंचित दमट असतानाच वाटाण्याएवढे मलम चोळावे आणि मोजे घालून झोपावे. कोरड्या टाचेवर कितीही थापले तरी गुण थोडाच येतो.

भातलावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांवर मात्र ते लावू नये. तिथे मुळात ओलावा आणि बुरशीचाच त्रास असतो. तेलाने तो आत कोंडला जातो. बेचके कोरडे ठेवून बुरशीवरचे औषध लावावे. रक्त येणाऱ्या खोल भेगा आणि मधुमेह असलेल्यांच्या पायांच्या भेगा डॉक्टरांना दाखवाव्यात.

पित्ताच्या गांधी उठल्यावर अंगाला चोळतात ते मुठेल नव्हे, आमसुलांचे पाणी. पाच-सहा आमसुले वाटीभर पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी लावायची चाल आहे. आमसुले मिठाची असतील तर खाजवून सोललेल्या जागी चांगलीच आग होते. ओठ-डोळे सुजले किंवा श्वास लागला तर त्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

कोरड्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवलेला गोळा वर्षभर टिकतो. वास जुनाट शेंगदाण्यासारखा आला की तो ओठांना वापरू नये. कोयती-विळ्यांना गंज चढू नये म्हणून चोळायला तो चालतो.