सॅडल हंटिंग (मराठवाड्याच्या संदर्भात)

खोगिरासारखा रुंद कमरपट्टा, दोर आणि पाय टेकायला छोटी फळी एवढ्या सामानावर झाडावर चढून सावजाची वाट पाहण्याची पद्धत. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची बाणाने शिकार करणाऱ्यांमध्ये ती रुजली. बैठक जड नसल्याने शिकारी रोज झाड बदलू शकतो आणि खोडाआड राहून चहूकडे फिरू शकतो.

वीजखांबावर चढणाऱ्या लाइनमनप्रमाणे एक दोर खोडाभोवती घेऊन, सुट्या पायऱ्या बांधत वर जातात. वर गेल्यावर डोक्याच्या उंचीवर दुसरा दोर बांधून पट्टा त्यात अडकवतात. त्यावर भार टाकून पाहिल्यावरच पहिला सोडायचा. दोर लांब-आखूड करायला बहुधा प्रुसिक गाठ असते. ती मोकळी असताना सरकते आणि भार येताच आवळते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये ती प्रसिद्ध केली. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे दोर ढिला राहू द्यायचा नाही. न ताणणाऱ्या दोरावर थोडेसे पडले तरी बसणारा झटका कंबर मोडू शकतो. हालचाल न करता पट्ट्यात लोंबकळत राहिल्यास पायांतले रक्त वर यायला अडथळा होतो, म्हणून एकट्याने चढूच नये.

मराठवाड्याची जुनी शिकार मात्र जमिनीवरची. उघड्या माळरानावर फासेपारधी शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने काळविटांच्या कळपाजवळ जात आणि फास मांडत. झाडावर चढायचे ते वेगळ्या कामांसाठी. नांदेडच्या तेलंगणा सीमेकडे शिंदी काढणारा खोड आणि कंबर एकाच दोराच्या वेढ्यात घेऊन चढतो. त्याच्या पाठीचा भार दोरावर असतो, म्हणून दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा उभा राहतो आणि त्यावरून गोफण फिरते. पाखरांसाठी ती पुरते. रोही आणि रानडुकरांसाठी रात्र जागावी लागते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्यालाही वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. त्यामुळे इथे या साहित्याचा खरा उपयोग राखण आणि निरीक्षणाचा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री अभयारण्यांतील पाणवठ्यांवर मचाणावरून प्राण्यांच्या नोंदी घेतल्या जातात. मचाणाला लाकूड आणि माणसे लागतात. वनविभागाच्या परवानगीने दोराची बैठक वापरली तर फांदीही तोडावी लागत नाही, आणि ही गोष्ट मराठवाड्यासारख्या जंगल कमी असलेल्या प्रदेशात फार मोलाची आहे. किनवटच्या जंगलातला सरळ साग त्यासाठी उत्तम. काटेरी बाभूळ टाळावी. चिंचेवर किंवा आंब्यावर चढण्याआधी आग्या मोहोळ आणि वाळकी फांदी उजेडातच पाहून घ्यावी लागते, कारण पट्ट्यात अडकलेल्या माणसाला माश्या उठल्यावर पटकन उतरता येत नाही.