आधी सापडणं, मग टिकणं: वेबकॅम फेस ट्रॅकिंगची पार्श्वभूमी

कॅमेऱ्यासमोरच्या माणसाने तोंड उघडलं की पडद्यावरचा आकार फुगतो, मान वळवली की रंग सरकतात. असा सेटअप आज एका दुपारी उभा राहतो. अडतो तो जुन्याच दोन ठिकाणी: चेहरा सापडत नाही, किंवा सापडलेला टिकत नाही. ही दोन कामं वेगळी आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळात शोधली. बिघाड नेमका कोणत्या कामात आहे हे आधी ओळखावं.

१९७०च्या दशकात अमेरिकेत मायरन क्रूगर यांनी ‘व्हिडिओप्लेस’ हे परस्परसंवादी काम उभारलं, तेव्हा कॅमेऱ्याला माणसाची फक्त बाह्याकृती कळायची. कॅनडाच्या डेव्हिड रोकबी यांनी १९८०च्या दशकात शरीराच्या हालचालीतून आवाज काढला. चेहरा तिथेही हलणारा आणखी एक भाग होता. १९९८ मध्ये इंटेलमधल्या गॅरी ब्रॅडस्की यांनी त्वचेच्या रंगछटेवरून चेहऱ्याचा माग काढला. पद्धत हलकी होती, पण त्याच छटेचा हात जवळ आला की माग भरकटायचा.

मोठी उडी २००१ ची. पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी रंग बाजूला ठेवून उजेड आणि अंधाराच्या फरकाकडे पाहिलं. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद असतो, नाकाचा वरचा भाग दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ. अशा साध्या चौकोनी तुलना त्यांनी ३८ टप्प्यांत रचल्या. चेहरा नसलेली बहुतेक जागा पहिल्या काही टप्प्यांतच बाद होते, म्हणून ७०० मेगाहर्ट्झच्या पेंटियम ३ वर ३८४ × २८८ च्या चित्रात सेकंदाला १५ फ्रेम जमल्या. ओपनसीव्ही या संगणकीय दृष्टीच्या मोफत लायब्ररीमधून ही पद्धत कलाकारांच्या हाती आली. तिच्या मर्यादा तिच्या तर्कातच आहेत. मागून खिडकीचा उजेड आला की चेहऱ्यावरचा तो फरक पुसला जातो. मान खांद्याकडे कलली की आडवे पट्टे तिरके होतात आणि सापडलेल्या चेहऱ्याभोवतीची चौकट नाहीशी होते. शिवाय प्रत्येक फ्रेममध्ये शोध नव्याने होतो, त्यामुळे चौकट थरथरते.

टिकवण्याचं काम जेसन सारागिह आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या पद्धतीने सोपं केलं: चेहऱ्यावर ६६ बिंदूंचा साचा बसवायचा आणि पुढच्या फ्रेममध्ये तोच थोडा सरकवायचा. काइल मॅकडॉनल्ड यांनी ती ओपनफ्रेमवर्क्स या कलाकारांच्या प्रोग्रामिंग साधनात आणली आणि ‘फेसओएससी’ नावाचं छोटं ॲप दिलं. आमच्या मते दृश्यकलेच्या दृष्टीने हे सगळ्यात मोलाचं पाऊल होतं. तोंडाची रुंदी-उंची, भुवया, डोकं कुठे वळलंय हे सारं ओएससी (एका प्रोग्रामातून दुसऱ्यात आकडे पाठवायची पद्धत) संदेशांतून ८३३८ या पोर्टवर जाऊ लागलं. ट्रॅकिंग एका प्रोग्रामात आणि दृश्यं दुसऱ्यात, ही विभागणी आजही चालते. संदेश पोचत नसतील तर दोन प्रोग्राम एकाच पोर्टवर ऐकायला बसलेत का, हे पाहावं. या साच्याची खोड मात्र वेगळी: तो एकदा हनुवटीऐवजी कॉलरवर बसला की तिथेच चिकटून राहतो आणि रीसेट करावा लागतो.

२०१९ मध्ये गूगलच्या मीडियापाइप या साधनसंचामधून ४६८ बिंदूंची जाळी आली, तीही साध्या वेबकॅमवर. आत विभागणी जुनीच आहे. शोधक मॉडेल पहिल्या फ्रेमला किंवा माग सुटल्यावरच चालतं; एरवी मागच्या फ्रेमच्या बिंदूंवरून चेहरा कापून घेतला जातो. जवळच्या अंतरासाठीचं शोधक मॉडेल संपूर्ण फ्रेम १२८ × १२८ पिक्सेलांवर आणून पाहतं आणि सुमारे दोन मीटरपर्यंतच्या चेहऱ्यांसाठी बनलेलं आहे. म्हणून चार मीटरवरचा प्रेक्षक सापडत नसेल तर महागडा कॅमेरा आणून उपयोग नाही. मॉडेलला चित्र देण्याआधी मधला भाग कापावा किंवा अरुंद कोनाची लेन्स लावावी. आणखी एक गोष्ट हमखास निसटते: मीडियापाइपचा फेस लँडमार्कर (चेहऱ्याचे बिंदू काढणारा भाग) बिंदूंची थरथर स्वतः कमी करतो, पण चेहऱ्यांची कमाल संख्या १ ठेवली तरच. ती २ केली की बिंदू थरथरू लागतात. तेव्हा २०१२ मध्ये मांडलेला ‘वन युरो’ हा थरथर गाळणारा फिल्टर आपण लावायचा. त्याचे दोन आकडे: चेहरा स्थिर असताना किती गाळायचं ते किमान कटऑफ ठरवतो, वेगात गाळणं किती सैल करायचं ते बीटा. आधी बीटा शून्य ठेवून, चेहरा स्थिर असताना थरथर थांबेपर्यंत किमान कटऑफ उतरवायचा. मग वेगाने मान हलवत, दृश्य मागे पडायचं थांबेपर्यंत बीटा वाढवायचा. बिंदू ० ते १ या मापात येतात, त्यामुळे पिक्सेलांच्या हिशोबाने दिलेला बीटा इथे फार लहान पडतो.

कोणाचा चेहरा सापडतो, हाही या इतिहासाचाच भाग आहे. जॉय बुओलाम्विनी एमआयटी मीडिया लॅबमध्ये ‘ॲस्पायर मिरर’ हे असंच परस्परसंवादी काम करत होत्या. सॉफ्टवेअरला त्यांचा सावळा चेहरा दिसेना. पांढरा मुखवटा चढवल्यावर दिसला. वेगवेगळ्या वर्णांच्या, चष्मा आणि दाढी असलेल्या माणसांवर, प्रत्यक्ष जागेच्या उजेडात चाचणी घेतल्याशिवाय काम लोकांसमोर ठेवू नये.

उजेडाचं गणित कॅमेऱ्यातही असतं. अंधारात ऑटो एक्सपोजर शटर लांबवतं आणि ३० फ्रेमचा कॅमेरा गुपचूप १५ वर येतो, म्हणून एक्सपोजर हाताने पक्कं करावं. भारतात वीज ५० हर्ट्झची. कॅमेऱ्याचं अँटी-फ्लिकर सेटिंग ६० वर असेल तर दिव्यांच्या लुकलुकीमुळे चित्रात पट्टे सरकतात. अनकॉम्प्रेस्ड ७२०पी चित्र ३० फ्रेमने यूएसबी २ मधून जात नाही, तेव्हा एमजेपेग (प्रत्येक फ्रेम कॉम्प्रेस करणारं स्वरूप) निवडावं किंवा ६४० × ४८० वर यावं. प्रोजेक्टरचे रंग प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर पडत असतील तर ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड दिवे लावावेत, आणि इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढलेल्या कॅमेऱ्यावर दृश्य प्रकाश अडवणारा फिल्टर बसवावा. प्रोजेक्टरच्या उजेडात इन्फ्रारेड जवळपास नसतं, त्यामुळे पडद्यावर काहीही चाललं तरी कॅमेऱ्याला चेहरा एकसारखाच दिसतो.